पाच पंच आणि घरोघरचे परीक्षक



पैशाचा व्यवहार हा मराठी मध्यमवर्गीय घरात मोठ्याने बोलण्याचा विषय कधीच नव्हता. पगार किती, हे शेजाऱ्याला विचारू नये आणि धंद्याचे भांडवल कोठून आणले, हे नातलगालाही विचारू नये, असा संकेत होता. तो व्यवहार पेढीवर, गल्ल्यामागे किंवा वकिलाच्या कचेरीत उरकला जाई. घरातील मंडळींना केवळ निकाल कळे. २० डिसेंबर २०२१ रोजी सोनी वाहिनीवर ‘शार्क टँक इंडिया’ या कार्यक्रमाचे पहिले पर्व सुरू झाले आणि हा संकेत मोडला. कंपनीचे मूल्य, हिस्सा, नफ्याचे प्रमाण हे शब्द थेट जेवणाच्या ताटासमोर येऊन बसले. गाण्याच्या आणि नाचाच्या स्पर्धांना सरावलेला प्रेक्षक आता धंद्याच्या स्पर्धेवर मत देऊ लागला.

आज विचार करायचा आहे तो या मतांचा. कार्यक्रम चांगला की वाईट, हा प्रश्न गौण आहे. तो पाहणारे घर काय शिकले आणि काय शिकायचे राहून गेले, हा प्रश्न मोठा आहे. कारण त्याच घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या नोकरीचा राजीनामा लिहून वडिलांसमोर उभी राहणार आहे आणि त्या वेळी वडिलांपाशी केवळ धाक किंवा केवळ कौतुक असून भागणार नाही.

कार्यक्रमाची कुळकथा थोडक्यात सांगता येईल. मूळ कल्पना जपानची. तेथे २००१ मध्ये ‘मनी नो तोरा’, म्हणजे ‘पैशाचे वाघ’, या नावाने ती पडद्यावर आली. २००५ मध्ये बीबीसीने ‘ड्रॅगन्स डेन’ या नावाने ती इंग्लंडमध्ये नेली आणि २००९ मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर तिला ‘शार्क टँक’ हे नाव मिळाले. वाघ, ड्रॅगन आणि शार्क! धनकोला हिंस्र प्राण्याचे नाव देण्याची हौस प्रत्येक देशाने भागवून घेतली. आपल्याकडे ही गरज कधी भासली नाही. ‘सावकार’ एवढे म्हटले तरी ऐकणारा सावध होत असे.

रचना साधी आहे. उद्योजक पाच गुंतवणूकदारांसमोर येतो, आपला माल दाखवतो, एक रक्कम मागतो आणि त्या बदल्यात कंपनीचा किती टक्के हिस्सा देणार ते सांगतो. गुंतवणूकदार स्वतःचा पैसा लावतात, घासाघीस करतात किंवा ‘आय ॲम आउट’ म्हणून बाजूला होतात. पहिल्या पर्वासाठी सुमारे ६२ हजार अर्ज आले आणि त्यांतून १९८ उद्योगांना पंचांसमोर उभे राहण्याची संधी मिळाली, म्हणजे दर हजारी तीन. हे प्रमाण घरातील उत्साही तरुणाने पाठ करून ठेवावे. पडद्यावर रोज नवा उद्योजक दिसतो, म्हणून रोज प्रत्येकाला गुंतवणूकदार भेटतो असे नाही.

प्रेक्षकांच्या मतांकडे वळले की प्रथम दिसते ती पंचांच्या वागणुकीची चर्चा. पहिल्या पर्वात ‘भारतपे’चे अशनीर ग्रोव्हर हे या चर्चेचे केंद्र होते. त्यांच्या तोंडचे ‘ये सब दोगलापन है’ हे वाक्य शाळेतल्या मुलांपर्यंत पोहोचले. समोर आलेल्या माणसाचा असा पाणउतारा करणे शोभत नाही, असे असंख्य प्रेक्षकांनी म्हटले आणि ते रास्तच होते. घरगुती उद्योग घेऊन आलेल्या बाईला किंवा कोवळ्या तरुणाला देशासमोर हिणवण्यात कोणतेही व्यापारी चातुर्य नाही. परंतु गंमत पुढेच आहे. जानेवारी २०२३ मध्ये दुसरे पर्व आले, तेव्हा ग्रोव्हर त्यात नव्हते; त्यांच्या जागी ‘कारदेखो’चे अमित जैन आले. लगेच अनेक प्रेक्षकांची तक्रार सुरू झाली की, कार्यक्रमात आता पूर्वीची मजा राहिली नाही, सगळे गोड गोड बोलतात! ज्याला उद्धट म्हटले त्याचीच उणीव भासू लागली. उद्धटपणाला नावे ठेवायची आणि पाहायचे मात्र तोच, ही वृत्ती दूरचित्रवाणीच्या व्यवसायाला पुरेपूर ठाऊक असते. ‘इमक्युअर’च्या नमिता थापर या पुण्याच्या. ‘हे माझे क्षेत्र नाही, म्हणून मी बाहेर’ असे त्या वारंवार म्हणाल्या, तर त्यावरही विनोदांचा पाऊस पडला. वास्तविक ज्या धंद्यातले आपल्याला कळत नाही त्यात पैसा घालू नये, हा व्यापारातील सर्वांत जुना शहाणपणा आहे. पण तो नाट्यमय नाही. त्याला टाळी मिळत नाही.

दुसरे मत अधिक विचारार्ह आहे. ‘ज्यांच्या स्वतःच्या कंपन्या तोट्यात आहेत, ते दुसऱ्याला नफ्याचा हिशेब विचारतात!’ हा टोमणा पहिल्या पर्वानंतर घरोघरी ऐकू आला. त्यात तथ्य होते. पंचांपैकी अनेकांच्या कंपन्या त्या काळात तोटा दाखवीत होत्या. मात्र सर्वांच्या नाही. ‘इमक्युअर’ नफ्यात होती, अमन गुप्ता यांची ‘बोट’ही तेव्हा नफ्यात होती. ज्या तोट्यात होत्या त्यांचे गणित वेगळे होते. बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा घ्यायचा, तो जाहिरातीत आणि विस्तारात ओतायचा, ग्राहक गोळा करायचे आणि नफा पुढे पाहायचा, ही ती पद्धत. याच पंचमंडळींपैकी गझल अलघ यांची ‘होनासा’ नोव्हेंबर २०२३ मध्ये, ‘इमक्युअर’ जुलै २०२४ मध्ये आणि पीयूष बन्सल यांची ‘लेन्सकार्ट’ नोव्हेंबर २०२५ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली. म्हणजे तोटा पाहून हसणाऱ्या प्रेक्षकाचे निदान अर्धवट होते. तथापि, त्याच्या हसण्यामागे एक निरोगी संशय होता आणि तो सोडून देण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या पैशावर चार वर्षे तोटा सोसणे ही चैन ज्याच्यामागे मोठा गुंतवणूकदार उभा आहे, त्याला परवडते. डोंबिवलीत मसाल्याची गिरणी टाकणाऱ्या कुटुंबाने ती पद्धत उचलली, तर सहा महिन्यांत दागिने गहाण पडतील. पंच पडद्यावर हा भेद सांगत नाहीत. तो घरीच सांगावा लागतो.

आता मालेगावच्या त्या तरुणाकडे येऊ, ज्याच्या भागाने पहिल्या पर्वात महाराष्ट्राचेच नव्हे, तर देशभरातील प्रेक्षकांचे डोळे ओले केले. ‘जुगाडू कमलेश’ या नावाने तो ओळखला गेला. पाठीवर फवारणीचा जड पंप घेऊन शेतात राबणारे वडील त्याने लहानपणापासून पाहिले होते. ते ओझे उतरावे आणि औषध अंगावर येऊ नये, यासाठी त्याने अनेक वर्षे खटपट करून सायकलच्या धर्तीवर ढकलायची एक गाडी तयार केली. ग्रामीण वळणाच्या हिंदीत, कसलाही आव न आणता, तो पंचांशी बोलला. इंग्रजी शब्दांच्या भडिमाराला कंटाळलेल्या प्रेक्षकाला ते बोलणे आपले वाटले.

त्याची मागणी होती ३० लाख रुपयांची, १० टक्के हिश्श्याच्या बदल्यात. पीयूष बन्सल यांनी १० लाख रुपये ४० टक्के हिश्श्यासाठी देऊ केले आणि २० लाख रुपये बिनव्याजी कर्ज म्हणून. कमलेशने ते स्वीकारले. प्रेक्षकांत तत्काळ दोन तट पडले. एकाने म्हटले, हा देवमाणूस. दुसऱ्याने म्हटले, ४० टक्के म्हणजे लूट.

दोन्ही मते हिशेब न करता दिलेली होती. हिशेब असा आहे. १० टक्क्यांना ३० लाख, म्हणजे कमलेशच्या मते संपूर्ण कंपनीची किंमत तीन कोटी. ४० टक्क्यांना १० लाख, म्हणजे बन्सल यांच्या मते ती २५ लाख, आणि त्यातही त्यांचे स्वतःचे १० लाख धरलेले. ते वजा केले की कमलेशच्या हाती असलेल्या वस्तूची किंमत १५ लाख. तीन कोटी आणि १५ लाख यांत केवढे अंतर! विक्री जवळजवळ सुरूच न झालेल्या यंत्राला तीन कोटी मागणे ही भाबडी आशा होती. परंतु दुसऱ्या पारड्यात २० लाखांचे बिनव्याजी कर्जही आहे. बाजारात अशा नवख्या उद्योजकाला इतके कर्ज दहा-बारा टक्क्यांनी मिळाले, तरी वर्षाला दोन ते अडीच लाख रुपये व्याजापोटी जातील. ते वाचले. मात्र कर्ज फिटते, हिस्सा फिटत नाही. दिलेला हिस्सा कंपनी असेतोवर दुसऱ्याचा राहतो. म्हणून त्या प्रस्तावाला लूटही म्हणता येत नाही आणि दानही म्हणता येत नाही. तो सौदा होता, आणि घासाघीस झाली असती तर ४० चे ३० झाले असते काय, हा प्रश्न प्रेक्षकांनी विचारायला हवा होता. अश्रू पुसण्याच्या नादात तो फारच थोड्यांनी विचारला.

इंग्लंडमध्ये २००७ साली अगदी असाच प्रसंग घडला होता. जमैकात जन्मलेला लेव्ही रूट्स हा गायक हातात गिटार घेऊन ‘ड्रॅगन्स डेन’मध्ये आला आणि आपल्या घरगुती सॉसचे गाणे गायला. नॉटिंग हिलच्या जत्रेत तो सॉस त्याने कित्येक वर्षे विकला होता. त्याला ५० हजार पौंड मिळाले आणि त्यासाठी त्याने दिला ४० टक्के हिस्सा. पण त्या हिश्श्याबरोबर सेन्सबरी या मोठ्या दुकानसाखळीची दारे उघडली आणि तो सॉस देशभर घरोघरी पोहोचला. हिस्सा महाग की स्वस्त, हे टक्क्यावरून नव्हे, तर त्या हिश्श्यासोबत काय येते यावरून ठरते. पंचांचा निकाल अंतिम असतो असेही नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये जेमी सिमिनॉफ दाराची घंटा घेऊन आला आणि रिकाम्या हाताने परत गेला. त्याच घंटेची पुढे ‘रिंग’ झाली आणि २०१८ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली.

शेतीच्या अवजाराची गोष्ट निघाली की महाराष्ट्राला लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरेल या समजुतीने शेतकरी त्याला हात लावीत नव्हते. वर्षे गेली, तेव्हा कोठे तो खपू लागला. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळील माळरान दिले आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या प्रसंगाला पार्श्वसंगीत नव्हते. नांगर न खपण्याची ती वर्षे पंचेचाळीस मिनिटांच्या भागात कशी दाखवणार? उद्योगाचा खरा काळ हा वाट पाहण्याचा असतो आणि कॅमेऱ्याला नेमके तेच दाखवता येत नाही. प्रेक्षकांची जी सर्वसाधारण तक्रार आहे की, दुसऱ्या पर्वापासून रडगाणी आणि करुण कहाण्या वाढल्या, तिचे मूळ येथे आहे. वाट पाहणे दाखवता येत नाही, म्हणून दुःख दाखवले जाते.

दुसऱ्या पर्वात मुंबईच्या ‘पाटील काकी’ आल्या. घरच्या स्वयंपाकघरातून चकली, चिवडा, पुरणपोळी, मोदक यांचा व्यवसाय उभारलेली ही मराठी गृहिणी पंचांसमोर आत्मविश्वासाने उभी राहिली, तेव्हा कित्येक घरांत आनंद झाला. त्यांनी ४० लाख रुपये अडीच टक्क्यांना मागितले, म्हणजे कंपनीची किंमत १६ कोटी लावली. ४० लाखच मिळाले, पण चार टक्क्यांना. म्हणजे १० कोटी. पीयूष बन्सल आणि अनुपम मित्तल यांनी ती गुंतवणूक केली. कमलेश आणि पाटील काकी यांची तुलना करून पाहावी. एकाकडे केवळ कल्पना आणि नमुना होता, दुसरीकडे चालू विक्री आणि परत परत येणारे गिऱ्हाईक. म्हणून एकाला ४० टक्के द्यावे लागले आणि दुसरीला चार. ज्या गृहिणी ‘आम्हीही चकल्या उत्तम करतो’ म्हणून हा भाग पाहत होत्या, त्यांच्यासाठी याहून उपयुक्त धडा नाही: आधी गिऱ्हाईक, मग गुंतवणूकदार.

मुंबईतीलच आणखी एक उदाहरण या ठिकाणी आठवते. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. ती ‘लिज्जत’. त्या बायकांनी हिस्सा विकला नाही. उसने घेतले आणि काम करणारी प्रत्येक भगिनी मालक ठरली. हाही भांडवलाचा एक मार्ग आहे आणि तो शार्कच्या तळ्यातून जात नाही.

आणखी एक गोष्ट बहुतांश प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. पडद्यावर हस्तांदोलन झाले म्हणजे पैसे मिळाले असे नसते. त्यानंतर हिशेबाच्या वह्या, कर, परवाने, जुनी देणी यांची छाननी होते आणि अनेक सौदे त्या टप्प्यावर मोडतात. काही वेळा उद्योजकच माघार घेतो. कारण प्रसिद्धी तर मिळालेली असते, मग हिस्सा कशाला द्यायचा? अमेरिकेत तर प्रारंभी निर्मिती कंपनी केवळ पडद्यावर येण्याबद्दल प्रत्येक उद्योजकाकडून पाच टक्के हिस्सा किंवा दोन टक्के स्वामित्वधन घेण्याचा हक्क राखून होती. मार्क क्युबन या पंचाने आग्रह धरला, तेव्हा २०१३ मध्ये ती अट निघाली.

मग नाशिकच्या, सांगलीच्या, नागपूरच्या तरुणाने काय करावे? त्याला दर हजारी तिनांत येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१५ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत तारण न ठेवता कर्ज मिळते: ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत, ‘किशोर’मध्ये पाच लाखांपर्यंत, ‘तरुण’मध्ये दहा लाखांपर्यंत. आधीचे ‘तरुण’ कर्ज फेडणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये ही मर्यादा २० लाखांवर नेण्यात आली. बँकेचा व्यवस्थापक गोड बोलेलच असे नाही, तो चार वेळा खेटे घालायला लावील. पण कंपनीचा ४० टक्के हिस्सा मागणार नाही. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे म्हणत म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या नोकरीच धरली, याचे एक कारण कर्जाची भीती हेही होते. ती भीती दूर करण्याचे काम या कार्यक्रमाने काही अंशी केले, हे त्याच्या कठोर टीकाकारांनीही मान्य करावे. कॉलेजातील मुले आता एकूण विक्री आणि निव्वळ नफा यांतील फरक जाणतात. तो फरक त्यांच्या वडिलांना, चाळीस वर्षे कचेरीत नोकरी करूनही, ठाऊक असण्याचे कारण पडले नव्हते.

प्रेक्षकांच्या मताला खरोखर वजन कधी आले, हे पाहायचे तर दरभंग्याला जावे लागते. पहिल्या पर्वात बिहारमधील मिथिलेच्या दोन महिला, नात्याने नणंद-भावजय, आपली लोणची घेऊन आल्या. ‘झाजी स्टोअर’ हे त्यांच्या उद्योगाचे नाव. घरच्या पद्धतीची लोणची, स्थानिक महिलांना काम, आणि १० टक्क्यांना ५० लाखांची मागणी. पंचांनी लोणचे चाखले, वाखाणले आणि एकामागून एक बाहेर पडले. लोणच्याच्या बाजारात आधीच मोठ्या कंपन्या आहेत, हा व्यापारी तर्क चुकीचा नव्हता. भाग प्रक्षेपित झाला आणि प्रेक्षकांनी पंचांवर नाराजी व्यक्त केली. येथवर नेहमीचेच होते. पण या वेळी ते नाराज होऊन थांबले नाहीत. त्यांनी लोणच्याच्या बरण्या मागवल्या. मागणी इतकी आली की, त्या दोघींना ती पुरी करताना धावपळ झाली. पंचांनी केलेल्या मूल्यमापनात जो आकडा नव्हता, तो देशभरच्या स्वयंपाकघरांनी पोस्टाच्या पत्त्यासह लिहून पाठवला होता. पुढे नमिता थापर आणि विनीता सिंग, म्हणजे ‘आउट’ म्हणालेल्यांपैकीच दोघी, त्या उद्योगात आल्या आणि त्यांनी ८५ लाख रुपये गुंतवले. कार्यक्रमात मागितले होते त्याहून ३५ लाख अधिक.